भोगवटादाराचं नाव

"मला सूट नको बाई," सुगंधा म्हणाली. "मला पट्टी लावा."

मी कात्री हातात धरून तशीच थांबले. समोर टेबलावर कुणाच्या तरी ब्लाउजचं अस्तर बेतायला काढलं होतं. त्या दिवसांत माझ्या शिवणक्लासात शिकायला येणाऱ्या बायका कमी आणि घरपट्टीचं गाऱ्हाणं घेऊन येणारी माणसं जास्त, असं झालं होतं. सगळ्यांना सूट हवी होती. नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, घाबरून उलटं बोलली.

"पट्टी माफ करा, असं म्हणायचंय ना तुला?"

"न्हाई. लावा म्हणते. माझ्या नावानं लावा."

त्या वर्षी आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली होती. बायकांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून मी निवडून आले. त्याआधी माझी ओळख एवढीच, की मगदूम मास्तरांची बायको, शिवण शिकवणारी. नगरपंचायत झाली तशी नवी घरपट्टी आली. पूर्वी ग्रामसेवक घराकडं नुसती नजर टाकून आकडा टाकायचा. आता टेप घेतलेली पोरं दारोदार फिरली, खोल्या मोजल्या, पत्रा का स्लॅब ते लिहून घेतलं. घराघरांत नोटिसा गेल्या आणि गावात बोंब उठली.

या नव्या पट्टीत एक गोष्ट मी भांडून घेतली होती. विधवेच्या घराला पूर्ण माफी. सभेत नगराध्यक्ष इंगवले तात्या मला म्हणाले होते, "प्रभा, माफी जाहीर झाली की सगळ्या गावाला दुखणं होतंय बघ." तरी मी हटले नाही. अटीसुद्धा घालू दिल्या नाहीत. दाखले गोळा करत बायकांना हेलपाटे घालायला लागू नयेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ठराव झाला त्या दिवशी वॉर्डातल्या बायकांनी मला ओवाळलं होतं.

सुगंधाला मी बघून ओळखत होते. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. नवरा विलास ट्रकवर ड्रायव्हर होता. तो इचलकरंजीला दुसरा संसार थाटून बसला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणजे ही विधवा नव्हती. हिला माफी बसतच नव्हती. माझ्या मनात आधी तेच आलं, आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. नवरा मेलेला असता तर हिची पट्टी माफ झाली असती. टाकून गेला म्हणून नाही.

"बस आधी," मी म्हटलं. "नीट सांग."

ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. पिशवीतून घडी घातलेली नोटीस काढून तिनं माझ्या हातात दिली. त्यावर छापलं होतं, भोगवटादार : सुगंधा विलास कोळेकर.

"भोगवटादार म्हंजी राहणारा न्हवं?"

"हो. जो घर वापरतो तो."

"मोजायला पोरं आली तवा मी घरात हुते. त्यांनी विचारलं, हितं कोण राहतं? म्हटलं, मी आणि माझी पोरगी ज्योती. त्यांनी माझंच नाव लिवलं." तिनं नोटिशीवरच्या नावाकडं बोट केलं. "त्या घराच्या कागदावर माझं नाव आजवर कदी आलंच न्हवतं. रेशनकार्डावर आमचं मालक, लाईटीच्या बिलावर सासरा. आणि सासरा तर माझ्या लग्नाआधीच गेलेला."

"मग अडचण काय आहे?"

"दिरानं हरकत घेतलीया. घर आईच्या नावानं लिवा म्हणतोय. आई विधवा, म्हणून पट्टी माफ करा म्हणतोय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. घराची जागा सासऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा मातीच्या दोन खोल्या होत्या. विलास गेल्यावर एका पावसात मागची भिंत बसली. दीर आनंदा तेव्हा पिंपरीला कारखान्यात लागला होता. त्यानं आईला आपल्याकडं नेलं, पण घराकडं बघितलं नाही. सुगंधानं दर बेदाण्याच्या हंगामात थोडं थोडं करत, आज वाळू, पुढच्या खेपेला विटा, असं करत भिंती उभ्या केल्या. गवंड्याच्या हाताखाली तीच राबली. आता चार पक्क्या खोल्या होत्या. आणि बायपास नेमका त्या घराच्या मागून गेला होता. गावात जागेला भाव आला आणि आनंदाला घर आठवलं.

"मला म्हणतो, वैनी, पट्टी वाचतीया, तुझंच भलं हाय. पण माफ झालं की मला नोटीस येणार न्हाई, पावती येणार न्हाई. मी तिथं राहते हे कुटं दिसणार? उद्या त्यानं कुणाला इकलं आणि त्यो माणूस दारात आला, तर मी काय दाखवू?"

मी म्हटलं, बघते.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. सावळकर नाव त्यांचं. तरुण होते, पहिलीच नेमणूक. नियमाला धरून चालणारे, पण तुसडे नव्हते.

"मॅडम, पहिली गोष्ट, घरपट्टीच्या पावतीनं मालकी येत नाही," ते म्हणाले.

"येत नसेल. पण घालवायला आलेल्या माणसाला चार वेळा विचार करावा लागतो."

ते जरासे हसले. मग त्यांनी ठरावाची फाईल काढून माझ्यापुढं केली. "विधवेचं घर, एवढंच लिहिलंय. ती त्या घरात राहायलाच पाहिजे असं नाही लिहिलेलं. मी अट घालायला सुचवलं होतं. तुम्ही नको म्हणालात."

ते खोचून बोलले नव्हते. तरी मला ते लागलं. कारण त्या माफीचं काय झालंय ते मी एव्हाना बघत होते. बाजारपेठेतल्या दुमजली घरांच्या दारांवर अचानक म्हाताऱ्या आयांची नावं लागली होती. धान्याच्या व्यापाऱ्याचा बंगला माफ, कारण त्याची आई विधवा. स्वतः इंगवले तात्यांचं घरही आईच्या नावावर गेलं होतं, आणि त्यांची आई तर मळ्यात धाकट्या मुलाकडं राहायची. त्याच वेळी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, नवऱ्यानं सोडलेल्या बायका नोटीस घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"आता काय करता येईल?" मी विचारलं.

"ठराव पुढच्या सभेत बदलता येईल. हरकत मात्र परवाच ऐकायचीय, आणि त्यात भोगवटादार कोण एवढंच बघायचं. म्हातारी येऊन म्हणाली की मी या घरात राहते, तर माझे हात बांधलेले आहेत. तुमचेही."

सुनावणी जुन्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. टेबलामागं आम्ही तिघं, मध्ये तात्या, एका बाजूला सावळकर, एका बाजूला मी. समोर सतरंजीवर आणि दाराबाहेर माणसं. शिपाई एकेक नाव पुकारायचा. कुणाच्या घराची लांबी चुकली होती, कुणाच्या गोठ्याला घर धरलं होतं. तात्या कंटाळून पानाचा डबा उघडत आणि मिटत होते.

कोळेकरांचं नाव पुकारल्यावर आनंदा पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. त्याच्या मागं आक्काताई, त्याची आई. बारीक अंगाची बाई, डोक्यावरून घट्ट पदर. त्याच दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीतून तिला पिंपरीहून आणलं होतं. सुगंधा भिंतीकडं उभी होती. ती वाकून सासूच्या पाया पडली. सासूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आनंदानं सगळं नीट मांडलं. वडिलांची जागा, वडील वारले, आई विधवा. "आमची वैनी तिथं राहती, आमची काय ना न्हाई. पण घर आईचं हाय. आईचं नाव लावा आणि ठरावाप्रमाणं माफी द्या."

बोलण्यात खोट नव्हती. सावळकरांनी मान हलवली. तात्या म्हणाले, "बरोबर हाय की. पुढचं नाव घ्या."

"थांबा तात्या," मी म्हटलं. "मला आक्कांना एक विचारायचंय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय विचारणार हे त्यांना कळलं असावं. कारण ते माझ्याकडं झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "प्रभा, हे विचारलंस तर हितनं पुढं सगळ्यांनाच विचारावं लागंल."

मला ते माहीत होतं. माझ्या वॉर्डात तशी कितीतरी घरं होती. ज्यांनी मला ओवाळलं त्यांतलीही होती. तरी मी आक्काताईंकडं वळले.

"आक्का, तुम्ही राहता कुठं?"

"हितंच," आनंदा म्हणाला. "माझ्याकडं अधनंमधनं येती. घर हेच तिचं."

"मी त्यांना विचारलं."

आक्काताईनं मुलाकडं बघितलं. मग सुनेकडं. सुगंधा खाली सतरंजीकडं बघत होती. तिनं सासूला डोळ्यानंसुद्धा काही सांगितलं नाही. मला वाटतं, तिनं आशा सोडली होती. लेकाच्या विरोधात कुठली आई बोलते?

"खरं सांगू," आक्काताईनं मला विचारलं, "का लेकाकडनं सांगू?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"खरं सांगा."

"मी पोराकडं राहते. पिंपरीला, तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायचं झालं तर नातवाला हाक मारावी लागती. हितं आले त्याला लई दिवस झालं." तिचा आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "हे घर मी सोडलं तवा मातीचं हुतं. आज गाडीतनं उतरले तर मला वळखू आलं न्हाई. मी त्यातली एक वीट बघितली न्हाई. मग माझं नाव कशाला लावता?"

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतीस?" आनंदा म्हणाला. चिडून नाही, घाबरल्यासारखा.

"कळतंय बाबा."

"घर आपलं हाय. बाबांचं हाय."

"जागा बाबांची. घर हिचं." तिनं सुगंधाकडं बोटही केलं नाही, नुसती मान वळवली. "आणि मी जिथं निजत न्हाई त्या घराची माफी मला नको. तुमी हिचंच नाव ठेवा."

सावळकरांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी पानाचा डबा मिटून बाजूला ठेवला.

"हरकत फेटाळा," ते म्हणाले. "भोगवटादाराचं नाव आहे तेच राहू द्या." मग जरा वेळानं, सावळकरांकडं न बघता, "आणि माझ्या घरावरची माफी बी काढा. उद्या कुणी माझ्या आईला हितं आणून उभी करायच्या आत काढा."

यावर मात्र सगळेच हसले. तात्याही.

मी उठून बाहेर आले. आनंदा गाडीशी उभा होता. दार उघडं धरून म्हणाला, "चल." आक्काताई पायरीवर बसली होती. ती हलली नाही.

"येतीस का राहतीस?"

"राहते काही दिस."

"कुणाकडं राहणार?"

सुगंधा दोन हात लांब उभी होती. आनंदानं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं. गाडीतून आईची पिशवी काढून त्यानं पायरीवर ठेवली. त्याचे डोळे भरले होते, हे मी बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. पिंपरीला दोन खोल्यांत पाच माणसं राहत होती. गावाकडची जागा विकून तिथं स्वतःचं काहीतरी घ्यावं एवढंच त्याला वाटत होतं. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आक्काताई रस्त्याकडं बघत राहिली.

सुगंधानं पिशवी उचलली. "चला आत्या," ती म्हणाली. "ज्योती शाळेतनं आली आसंल."

त्यानंतर मी आठवड्यानं त्यांच्या घरी गेले. सुगंधा शेडवर गेली होती. आक्काताई दारात बसून शेंगा फोडत होती. मीही तिच्या समोर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"आक्का, एक विचारू? तुम्हाला भीती नाही वाटली? लेक परत विचारेल का नाही, याची?"

ती टरफलं बाजूला सारत राहिली.

"विलास गेला न्हवं, थोरला," ती शेवटी म्हणाली, "त्या सकाळी त्यो ट्रंक भरत हुता. ही पोर माझ्याजवळ आली. पोटुशी हुती. म्हणाली, आत्या, तुमी एक शब्द बोला, तुमचं ऐकतील. मी चुलीपुढं बसून ऱ्हायले. म्हटलं, लेक हाय, आज रागात हाय, उद्या येईल. भाकरी थापत बसले. त्यो माझ्या पाठीमागनं गेला. मी मागं वळून सुदा बघितलं न्हाई."

तिनं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"ही त्यावरनं मला कदी एक शब्द बोलली न्हाई. बोलली आसती तर मी बी काय तरी बोलले आसते, आणि ते तिथंच मिटलं आसतं. त्या दिवशी तुमी मला विचारलं, राहता कुटं. तवा ही पुन्हा तशीच उभी हुती. फकस्त ह्या खेपेला तिनं काय मागितलं न्हाई."

पुढच्या सभेत ठराव बदलला. विधवा त्या घरात खरोखर राहत असेल तरच माफी. आणि नवऱ्यानं सोडलेल्या बाईलाही माफी, तिनं मागितली तर, आणि ती मागितली तरी भोगवटादार म्हणून नाव तिचंच राहील. शेवटचं वाक्य सावळकरांनी स्वतः लिहिलं. गावातल्या बऱ्याच मोठ्या घरांना पट्टी लागली. पुढच्या निवडणुकीत मी पडले. ते व्हायचंच होतं. जी घरं चिडली त्यांत मतं जास्त होती.

सुगंधानं माफी कधी मागितली नाही. मी तिला म्हटलं, अगं, आता नियमात बसतेस तू. ती म्हणाली, "झेपतंय तवर भरते की बाई. न्हाई झेपलं तर मागीन."

आक्काताई तिथंच राहिली. आनंदा पहिलं वर्ष आला नाही. मग दिवाळीला बायको-पोरांना घेऊन आला, दोन दिवस राहिला. नंतर दर दिवाळीला यायला लागला. जागेचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. आक्काताई अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हितं उतरायला जिना न्हाई बघा.

ती गेली तो उन्हाळा होता. सकाळी चहा घेऊन आडवी झाली ती उठलीच नाही. निरोप मिळाला तशी मी गेले. अंगणात माणसं जमली होती. आनंदा दुपारपर्यंत पोचला आणि आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. इचलकरंजीलाही निरोप गेला होता. थोरल्यासाठी सगळे थांबले होते.

विलास आला तेव्हा ऊन उतरलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. केस पांढरे झाले होते, अंगानं सुटला होता. ज्योती दारात उभी होती. तिला तो कोण हे सांगायला लागलं नाही, पण ती जागची हलली नाही. त्याला कुणी अडवलं नव्हतं. आत त्याची आई होती. तरी तो फाटकापाशी आला आणि थांबला. चार पक्क्या खोल्या, रंगवलेला कट्टा, दारावरची सुगंधाच्या नावाची नगरपंचायतीची पाटी, हे सगळं तो बघत राहिला.

सुगंधा सासूच्या उशाशी बसली होती. ती उठून दारापर्यंत आली.

"येऊ का आत?" त्यानं विचारलं.

"या," ती म्हणाली. "चपला तिकडं भिंतीकडं काढा."

त्यानं चपला काढल्या. आत आला, आणि कुठं बसायचं ते कुणी सांगेपर्यंत तसाच उभा राहिला.